आपल्या गावात मासिक बैठक कशी उभी करावी: मराठवाड्यातील संगीतकारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठवाड्यात गाणे ऐकणारा माणूस नाही, ही तक्रार मी गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे आणि ती मला कधीही खरी वाटली नाही. ज्या गावात हरिनाम सप्ताहाचे सात दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत माणसे मांडी घालून बसतात, त्या गावाला ऐकण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात रोज कीर्तन होते, खुलताबादच्या दर्ग्यांत उरुसाला कव्वाली रंगते, औशाच्या नाथ संस्थानाने चक्रीभजनाची परंपरा जपली आहे आणि तुळजापूरच्या भवानीपुढे संबळ वाजल्याखेरीज गोंधळ उभा राहत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ याच भूमीत लिहिला, आणि आपल्या काळात पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांनी अंबाजोगाईच्या परिसरातून निघून देशभर नाव मिळवले. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. सण, उरूस किंवा लग्न यांच्याबाहेर, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, केवळ ऐकण्यासाठी माणसे जमतील आणि वाजवणाऱ्याला त्याच रात्री योग्य मोबदला मिळेल, अशी व्यवस्था आपल्या तालुक्याच्या गावांत नाही.

ही व्यवस्था, म्हणजे गाण्या-वाजवण्याची मासिक बैठक, एखादा संगीतकार चार-सहा सहकाऱ्यांच्या मदतीने उभी करू शकतो. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तबला शिकवतो आणि आमची बैठक अनेक वर्षे चालू आहे. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवावर आधारलेले आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: वर्षातून एकदा मोठा महोत्सव करण्यापेक्षा दर महिन्याला ऐंशी-शंभर माणसांची बैठक करणे अधिक उपयोगाचे आहे. महोत्सवाचा बहुतेक खर्च मंडप, रोषणाई आणि बाहेरून येणाऱ्या एका नामवंत कलाकारावर होतो, आणि दुसऱ्या दिवशी गावातला पेटीवाला पुन्हा लगीनसराईची वाट पाहत बसतो. मासिक बैठकीत तोच पेटीवाला वर्षातून चार वेळा वाजवतो, त्यासाठी रियाझ करतो, आणि त्याला ऐकणारी माणसे त्याला नावाने ओळखू लागतात.

आधी नोंदवही

पहिले दोन महिने कोणताही कार्यक्रम करू नये. एक जाड वही घ्यावी आणि आपल्या गावापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघातील वाजवणाऱ्या-गाणाऱ्या माणसांना प्रत्यक्ष भेटावे. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांची नावे लवकर सापडतात, कारण ते गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांच्या निमित्ताने एकमेकांना ओळखतात. बाकीची माणसे शोधावी लागतात. भजनी मंडळातील मृदंगवादक, गोंधळी, वासुदेव, दर्ग्यात बसणारे कव्वाल, भीमजयंतीला जलसा करणारे गायक, बँड पथकातील क्लॅरिनेटवाले, सनईवाले आणि शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक हे सर्व या वहीत आले पाहिजेत. आमच्याकडे सर्वांत सुरेल क्लॅरिनेट वाजवणारा माणूस एका बँड पथकात होता, आणि वरातीतील गाण्यांपलीकडे त्याला कोणी काही वाजवायला सांगितलेच नव्हते. त्याला मारवा राग येत होता.

प्रत्येकाच्या नावापुढे केवळ वाद्य आणि फोन नंबर लिहून भागत नाही. तो कोणत्या पट्टीत, म्हणजे कोणत्या स्वराला षड्ज मानून, गातो किंवा वाजवतो, कोणते महिने मोकळा असतो, साथीला कोणाबरोबर रमतो, सध्या एका कार्यक्रमाचे किती घेतो, रात्री घरी परतण्याची सोय काय, आणि त्याच्याजवळ स्वतःचे वाद्य आहे की मंडळाचे, हे सर्व लिहावे. यातली पट्टीची नोंद पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते. तिचे कारण एकत्र वादनाच्या भागात येईल.

या भेटींत आपण काही मागायला आलो आहोत असे वाटू देऊ नये. शक्यतो संध्याकाळी जावे, समोरच्याचे ऐकावे आणि जमल्यास त्याच्याबरोबर थोडे वाजवावे. ज्येष्ठ गोंधळ्याच्या घरी दोन तास बसलेला माणूस त्याला पुढे कधीही परका वाटत नाही.

सोबतची माणसे आणि संस्थेचा प्रश्न

पाच ते सात जण पुरेसे असतात. त्यांत निम्मे संगीतकार आणि निम्मे केवळ ऐकणारे असावेत, कारण सर्वच संगीतकार असले की प्रत्येक बैठकीत कोणाला बसवायचे यावरून मन दुखावते. हिशेब एकाकडे, जागा आणि बिछायत दुसऱ्याकडे, कलाकारांशी बोलणे तिसऱ्याकडे, अशी कामे पहिल्याच दिवशी वाटून घ्यावीत आणि वर्षभर बदलू नयेत. मंडळात किमान दोन स्त्रिया असल्या तर प्रेक्षकांत स्त्रियांची संख्या आपोआप वाढते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, कारण कार्यक्रमाची वेळ, बसण्याची जागा आणि परतीची सोय यांचा विचार त्या आधी करतात.

संस्था नोंदवण्याची घाई करू नये. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात, आणि आपल्या राज्यात तिच्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करावी लागते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज, ही कामे मागे लागतात. पहिल्या दहा-बारा बैठका गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या सहकार्याने कराव्यात. वाचनालयाकडे बहुधा सभागृह असते, नोंदणी आणि बँक खाते असते, आणि वाचक म्हणून नियमित येणारी माणसेही असतात. देणग्या वाढू लागल्या आणि देणगीदार आयकरात सवलत मागू लागले की मग आपली स्वतंत्र संस्था करावी.

जागा

मंगल कार्यालय सहज मिळते, परंतु गाण्यासाठी ते सहसा वाईट असते. गुळगुळीत फरशी, उंच छत आणि मोकळ्या भिंती यांमुळे तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. जागा पाहायला जाताना रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीनंतर आवाज रेंगाळत राहिला तर त्या जागेत जाड सतरंज्या, मागच्या भिंतीवर पडदे किंवा गोधड्या आणि भरपूर माणसे असल्याशिवाय गाणे स्पष्ट ऐकू येणार नाही. पत्र्याचे छत पावसाळ्यात निरुपयोगी असते.

आपल्या भागात अजून काही माळवदाची घरे आणि जुने वाडे उभे आहेत. लाकडी तुळया, वर मातीचा थर आणि जाड मातीच्या भिंती यांमुळे आवाज तिथे घुमत नाही, उन्हाळ्यातही जागा थंड राहते, आणि साठ-सत्तर माणसांसमोर तंबोरा ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू येतो. असा वाडा गावात असेल आणि मालक तयार असेल तर दुसरी जागा शोधू नये. अट एकच, की माळवदाची तपासणी जाणत्या गवंड्याकडून करून घ्यावी आणि छतावर माणसे चढू देऊ नयेत.

देवळाचा सभामंडप फुकट मिळतो आणि आवाजालाही चांगला असतो. तरीही मासिक बैठकीची कायमची जागा म्हणून तो घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्या वहीत कव्वालही आहेत, जलसा गायकही आहेत आणि गोंधळीही आहेत. ज्या जागेच्या पायरीवर यांपैकी एकाच्याही घरच्या माणसाला क्षणभर थांबून विचार करावा लागतो, ती जागा सर्वांची होऊ शकत नाही. वाचनालय, शाळेचे सभागृह किंवा नगरपरिषदेचे सभागृह यांचा उंबरठा सर्वांना सारखा असतो.

तारीख ठरवताना आपले वर्ष पाहावे

शहरातील मंडळे महिन्याचा दुसरा शनिवार वगैरे ठरवून मोकळी होतात. आपल्याकडे वर्षाची रचना शेतीवर आणि यात्रांवर उभी असल्यामुळे तेवढे पुरत नाही. मृगाचा पाऊस पडला की जूनमध्ये पेरणी, त्यामागे आषाढी वारी. या काळात भजनी मंडळातील अर्धी माणसे शेतात आणि उरलेली दिंडीत असतात. भाद्रपदात गणपती, आश्विनात नवरात्र. गोंधळ्यांना आणि संबळवाल्यांना नवरात्रात श्वास घ्यायलाही सवड नसते. त्याच सुमारास सोयाबीनची काढणी असते. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात, त्यामुळे त्या गावांतील तरुण ढोलकी-हलगीवाले हिवाळाभर गावात नसतात. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला अख्खे गाव शेतात असते. एप्रिल-मे हे बँडवाल्यांचे आणि सनईवाल्यांचे कमाईचे महिने आहेत आणि त्यांना त्या दिवसांत बैठकीला बोलावणे म्हणजे त्यांच्या सुपाऱ्या बुडवणे होय. खुलताबादचे उरूस आणि रमजान हे चांद्र वर्षाप्रमाणे येतात, म्हणजे दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात, म्हणून त्यांची तारीख जुन्या कॅलेंडरवरून कधीही धरू नये.

यातून मार्ग असा निघतो, की वर्षाला बारा बैठका करण्याचा हट्ट सोडून दहा कराव्यात, जून आणि ऑक्टोबर सोडून द्यावेत, आणि त्या त्या महिन्यात जे कलाकार मोकळे असतात त्यांनाच बोलवावे. नवरात्रानंतर गोंधळी, आषाढीनंतर वारकरी गायक, पावसाळ्यात बँडवाले. वार मात्र एकच ठेवावा. आमचा शनिवार आहे, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी असते. सातची वेळ सांगून सातलाच सुरू करावे. पहिल्या तीन बैठकांना बारा माणसांसमोर सुरू करावे लागले तरी चालेल, चौथ्या बैठकीपासून माणसे वेळेवर येतात.

पैसा

या भागात मी सर्वांत जास्त थांबणार आहे, कारण अशा उपक्रमांचा शेवट बहुधा इथेच होतो. नियम एक: कलाकारांची बिदागी आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशांत बाकीचे भागवावे. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होते; मंडप, हार, स्मृतिचिन्ह आणि जेवण यांची बिले चुकती होतात आणि गावातल्याच तबलजीला “आपलाच माणूस आहे” म्हणून शाल दिली जाते. मी स्वतः अशा अनेक शाली घरी आणल्या आहेत. ज्या संयोजकांनी त्या दिल्या त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण माझ्या तबल्याची पुडी, म्हणजे त्यावरचे चामडे, शालीने बदलता आली नाही.

साधा हिशेब मांडून पाहू. वार्षिक सभासद वर्गणी ६०० रुपये ठेवली आणि शंभर सभासद झाले तर ६०,००० रुपये जमतात. दहा बैठकांत वाटले तर प्रत्येकीला ६,००० रुपये येतात. मुख्य कलाकाराला २,५०० आणि दोन साथीदारांना प्रत्येकी १,५०० दिले तर ५,५०० होतात, आणि बिछायत-चहासाठी ५०० उरतात. प्रवासखर्च आणि रात्रीचे जेवण त्या महिन्याच्या यजमान कुटुंबाने उचलावे. असे दहा यजमान वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्यावेत. बैठकीच्या शेवटी झोळी फिरवावी आणि त्यातील रक्कम, कितीही असो, पूर्ण कलाकारांना द्यावी. ही रक्कम कमी आहे हे मला माहीत आहे. परंतु ती नक्की आहे, ठरलेली आहे आणि त्याच रात्री हातात पडणारी आहे, आणि सभासद वाढले की ती वाढते. साथीदाराला मुख्य कलाकाराच्या निम्म्यापेक्षा कमी देऊ नये. लोककलावंताला आणि शास्त्रीय गायकाला एकच दर असावा, यावर आमच्या मंडळात पहिल्या वर्षी वाद झाला आणि तो वाद मिटेपर्यंत आम्ही पुढची बैठक घेतली नाही.

सभासद शंभर होणे अशक्य वाटत असेल तर ते एकेका घरी जाऊन करावेत. डॉक्टर, शिक्षक, आडत व्यापारी, बँकेतील कर्मचारी, दुकानदार यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन गेले की बहुतेक जण ६०० रुपये देतात. मोठी देणगी मागायला गेले की तेच लोक पुढच्या महिन्यात या म्हणतात. वर्गणी दोन हप्त्यांत द्यायची मोकळीक ठेवावी, आणि सोयाबीनचा पैसा हातात येण्याआधी शेतकरी सभासदाकडे तगादा लावू नये. विद्यार्थ्यांकडून काहीही घेऊ नये.

एखादा पुरस्कर्ता मोठी रक्कम देऊ लागला तर त्याचे स्वागत करावे, पण दोन गोष्टी आधी स्पष्ट सांगाव्यात: त्याचे नाव सुरुवातीला एकदा घेतले जाईल, आणि मंचावर खुर्च्या, भाषण किंवा सत्कार होणार नाही. आपल्याकडे सातचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो तो सत्कारांमुळे. तोवर तंबोरा उतरलेला असतो आणि लहान मुलांना झोप आलेली असते.

कराविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुरे. संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशाचे शुल्क प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही; आणि लोककला किंवा शास्त्रीय कलाप्रकार सादर करणाऱ्या कलाकाराच्या १,५०,००० रुपयांपर्यंतच्या मानधनालाही त्या करातून सूट आहे. तरीही हिशेबाच्या वहीत प्रत्येक रुपया लिहावा, प्रत्येक कलाकाराची सही घ्यावी आणि वर्षाच्या शेवटी तो हिशेब वाचनालयाच्या फलकावर लावावा.

त्या सह्यांचा आणखी एक उपयोग आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंतांना दरमहा ५,००० रुपये देते, परंतु अर्जाबरोबर कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात, आणि आयुष्यभर गोंधळ घातलेल्या माणसाजवळ एकही कागद नसतो. म्हणून प्रत्येक कलाकाराला बैठकीच्या दिवशीच तारीख, कलाप्रकार आणि संस्थेचा शिक्का असलेले पत्र द्यावे. अर्ज भरून देण्याचे काम मंडळातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने अंगावर घ्यावे. आमच्या सर्व कामांत मला हे सर्वांत मोलाचे वाटते.

परवानगी

बंदिस्त सभागृहात, ध्वनिवर्धकाशिवाय किंवा अगदी लहान ध्वनिवर्धकावर बैठक करणार असाल तर कटकट फार नसते, तरी पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्यावी. उघड्यावर करायचे असेल तर ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू होतात. ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. म्हणून उघड्यावरची बैठक साडेनऊला संपवण्याच्या बेतानेच आखावी.

संतांच्या अभंगांना स्वामित्वहक्काची अडचण नाही. चित्रपटगीत किंवा अलीकडच्या कवीची रचना तिकीट लावून सादर करायची असेल तर मात्र हक्कधारकांच्या संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो, कारण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तिच्यावर हक्क असतो.

एकत्र वादन

निरनिराळ्या परंपरांच्या कलाकारांना एका मंचावर आणणे हा या उपक्रमाचा आत्मा आहे आणि त्यातच सर्वाधिक घोळ होतो. घाईने केलेल्या जुगलबंदीत मोठ्या आवाजाचे वाद्य जिंकते आणि दोन्ही कलाकार दुखावून घरी जातात. आमची पद्धत अशी आहे, की पहिला सव्वा तास प्रत्येक जण स्वतःची कला स्वतःच्या पद्धतीने, स्वतःच्या साथीदारांसह सादर करतो, आणि शेवटची पंचवीस-तीस मिनिटे एकत्र असतात. त्यासाठी दोन सराव ठेवतो आणि सरावाचेही पैसे देतो. रोजंदारीवर जाणारा हलगीवाला दिवस मोडून येतो, तेव्हा त्याचा दिवस भरून देणे आपले कर्तव्य आहे.

सरावात पहिला प्रश्न पट्टीचा येतो. शास्त्रीय संगीत शिकलेले पुरुष गायक साधारण काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास गातात, वारकरी गायक आणि कव्वाल बरेच वर, काळी तीन-चारपर्यंत जातात. पेटी आणि क्लॅरिनेट यांचे सूर पक्के असतात. तबला आणि पखवाज थोडे वरखाली करता येतात, पण चार-पाच स्वरांचे अंतर त्यांना पेलत नाही, आणि ओढून बसवला तर पुडी फाटते. येथे एक साधी युक्ती उपयोगी पडते. काळी एकचा तबला काळी तीनमध्ये गाणाऱ्याच्या पंचमावर (प) आणि काळी चारमध्ये गाणाऱ्याच्या मध्यमावर (म) अचूक बसतो. त्यामुळे गाणारा काळी चारवर असेल आणि रचनेत शुद्ध मध्यम ठळक असेल, किंवा काळी तीनवर असेल आणि पंचम ठळक असेल, तर दुसरा तबला शोधण्याची गरज राहत नाही. मारव्यासारखा पंचम वर्ज्य असलेला राग मात्र अशा वेळी निवडू नये. वहीत पट्टी लिहून ठेवायची ती यासाठी, म्हणजे फोन करण्याआधीच कोणाबरोबर कोण बसेल हे कळते.

दुसरा प्रश्न तालाचा. केरवा, धुमाळी, भजनी ठेका आणि कव्वालीचा ठेका हे सर्व आठ मात्रांचे आहेत, जरी त्यांचा तोल निरनिराळा असला तरी. म्हणून पहिली एकत्र रचना आठ मात्रांचीच घ्यावी, विलंबित एकतालात टाळकऱ्यांना बसवू नये. ज्येष्ठ मृदंगवादकाला ठेका धरू द्यावा आणि तबलजीने त्याच्या आवर्तनात जागा शोधावी. उलट करू नये. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून गाठण्याचा सराव झाला की पुढचे सोपे होते. एकनाथांच्या भारुडापासून सुरुवात केली तर आणखी बरे, कारण पैठणपासून हिंगोलीपर्यंत ते माहीत नसलेला भजनी गायक सापडणार नाही आणि शास्त्रीय गायकालाही त्यात मोकळीक मिळते. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका यांचे अभंग म्हणजे तर आपल्या घरचेच भांडार आहे.

संबळ खुल्या जागेसाठी घडलेले वाद्य आहे. त्याला माईक देऊ नये, आणि गाणाऱ्यापासून आठ-दहा फूट मागे बसवावे. तुणतुण्याला मात्र माईक द्यावा, नाहीतर ते कोणालाच ऐकू येत नाही.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे विचारून घेणे. गोंधळ हा विधी आहे. त्यातील कोणता भाग मंचावर सादर करता येईल आणि कोणता नाही, हे फक्त गोंधळीच सांगू शकतो, आणि त्याने नाही म्हटल्यावर त्याला पुन्हा विचारू नये. कव्वालांचा क्रमही ठरलेला असतो, हम्द (अल्लाहची स्तुती) आणि नात (पैगंबरांची स्तुती) यांच्यानंतरच बाकीचे येते, तो वेळेच्या सबबीवर कापू नये. जलशातील गायकाला “जरा हलकेफुलके घ्या” असे सांगू नये. त्याच्या गाण्यात जो विचार आहे तोच त्याचे गाणे आहे. निवेदनात प्रत्येक साथीदाराचे पूर्ण नाव आणि गाव घ्यावे, आणि ते कागदावर लिहून घेऊनच वाचावे.

ध्वनी आणि वाद्यांची निगा

साऊंडवाल्याला शंभर माणसांसाठी दोन लहान स्पीकर आणि चार-पाच माईक एवढेच सांगावे, आणि सबवूफर आणू नको हे दोनदा सांगावे. वीज जाण्याची तयारी ठेवावी, म्हणजे इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची सोय असली की ध्वनिवर्धकाशिवाय बैठक चालू राहते. आमच्या काही सुंदर बैठका वीज गेल्यानंतरच्या आहेत.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा चाळीसच्या वर गेला की चामडे ताणते आणि तबल्याचा सूर चढतो. पावसाळ्यात तोच उतरतो. वाद्ये बैठकीच्या तासभर आधी त्याच खोलीत आणून ठेवावीत, पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवू नयेत आणि गाडीत उन्हात तर मुळीच सोडू नयेत. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक उन्हाळ्यात लवकर वाळते, म्हणून ओल्या फडक्यात झाकून ठेवावी. थोडे पैसे साठले की मंडळाच्या मालकीचा तंबोरा मिरजेहून करून घ्यावा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आले तेही मिरजेहूनच. आमच्या तंबोऱ्याकडे पाहताना मला दोन्ही गोष्टी आठवतात. वाद्य गरजू विद्यार्थ्याला महिनाभर घरी नेता यावे, यासाठी वाचनालयाच्या पुस्तकासारखीच त्याची नोंद ठेवावी.

शाळा आणि ध्वनिमुद्रण

पाहुणा कलाकार गावात आलाच आहे तर त्याच दिवशी दुपारी एका शाळेत पाऊण तासाचे सादरीकरण ठेवावे, त्याचे वेगळे मानधन द्यावे, आणि मुलांना वाद्याला हात लावू द्यावा. १९७७ पासून स्पिक मॅके ही चळवळ देशभरातील शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्याच हाताने हे काम करत आली आहे. आपणही मुलांना स्वयंसेवक म्हणून घ्यावे, सतरंज्या घालण्यापासून निवेदनापर्यंत.

प्रत्येक बैठकीचे ध्वनिमुद्रण करावे, परंतु कलाकाराची लेखी संमती असल्याशिवाय ते यूट्यूबवर टाकू नये. सादरकर्त्याचा आपल्या सादरीकरणावरील हक्क कायद्याने ५० वर्षे मान्य केला आहे, आणि कायदा नसता तरी विचारणे योग्यच ठरले असते. ज्येष्ठ कलावंतांचे मुद्रण दोन ठिकाणी जपावे आणि एक प्रत त्यांच्या घरी द्यावी. आमच्या एका वृद्ध गोंधळ्याच्या निधनानंतर त्याच्या नातवाने त्याच प्रतीवरून त्याची कवने उतरवून घेतली, आणि आता तो ती स्वतः गातो.

बैठक संपल्यावर

सतरंज्या झाडून होण्याआधी तीन कामे करावीत. कलाकारांची पाकिटे त्यांच्या हातात देऊन सह्या घ्याव्यात. कोण कशात परतणार हे पाहून शेवटचा कलाकार गाडीत बसेपर्यंत मंडळातील एकाने थांबावे, कारण रात्री दहानंतर तालुक्याच्या गावाहून खेड्याकडे जाणारी एसटी मिळत नाही. आणि वहीत त्या दिवसाचे पान भरावे: किती माणसे आली, त्यांत स्त्रिया आणि मुले किती, काय वाजले, कोणत्या पट्टीत, काय चुकले. पुढच्या महिन्याच्या कलाकाराचे नाव माणसे उठण्याआधीच जाहीर केलेले असावे, आणि त्या कलाकाराला शक्यतो आजच्या बैठकीत श्रोता म्हणून पुढच्या रांगेत बसवलेले असावे.